बारा व्होल्टचा हिशेब

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमध्ये मागच्या बाजूला, कधी वरच्या कोपऱ्यात तर कधी तळाशी, पत्र्याचा एक चौकोनी डबा बसवलेला असतो. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. सॉकेटमधून येणारी 230 व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि आतल्या भागांना मानवेल अशी डीसी वीज पुरवायची, हे त्याचे काम. ही वीज मुख्यतः 12, 5 आणि 3.3 अशा तीन व्होल्टेजची असते. संगणक घेताना प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांची कसून चौकशी होते. एसएमपीएस मात्र बऱ्याचदा कॅबिनेटबरोबर आलेला असतो आणि त्याची कंपनी कोणती हेही मालकाला ठाऊक नसते. पत्रव्यवहार, हिशेब, इंटरनेट एवढ्यापुरते मशीन वापरले तर त्याने काही अडत नाही. नवे ग्राफिक्स कार्ड बसवले की या डब्याची आठवण होते, आणि तीही सहसा गेम रंगात आला असताना मशीन फट्‌कन बंद पडल्यावर.

ग्राफिक्स कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. पहिली वाट मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटची. या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाने जास्तीत जास्त 75 वॅट घ्यावेत असा नियम आहे. जीटीएक्स 1650 सारखी अनेक कार्डे एवढ्यातच भागवतात, म्हणून ती कोणत्याही साध्या मशीनमध्ये खुपसली की चालू होतात. त्याहून भूक मोठी असेल तर दुसरी वाट लागते: एसएमपीएसमधून थेट कार्डावर येणारी वायर. सहा पिनांच्या कनेक्टरला 75 वॅटची आणि आठ पिनांच्या कनेक्टरला 150 वॅटची मर्यादा आहे. म्हणजे आठ पिनांचे दोन कनेक्टर असलेल्या कार्डाला स्लॉट धरून 375 वॅटपर्यंत मजल मारता येते. कार्डांच्या भुकेतला फरक प्रचंड आहे. आरटीएक्स 4060 चा आकडा 115 वॅट, आरएक्स 7800 एक्सटीचा 263 वॅट, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आरटीएक्स 4090 चा 450 वॅट, तर 2025 च्या आरटीएक्स 5090 चा 575 वॅट.

ही जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टच्या तारेतून येते. ग्राफिक्स चिप प्रत्यक्षात एक व्होल्टच्या आसपास चालते. एक व्होल्टवर 200 वॅट पुरवायचे म्हणजे सुमारे 200 अँपिअर प्रवाह, आणि तो एसएमपीएसपासून वायरीने आणायचा तर मनगटाएवढ्या जाड तारा लागतील. म्हणून वीज 12 व्होल्टवर चिपच्या अगदी जवळ आणतात आणि कार्डावरचे सर्किट तिथल्या तिथे व्होल्टेज उतरवते. प्रोसेसरच्या बाबतीतही हेच झाले. 1990 च्या दशकातले संगणक प्रोसेसरसाठी 5 आणि 3.3 व्होल्टवर विसंबून होते. 2000 साली पेंटियम 4 आला आणि त्याच्यासाठी मदरबोर्डवर 12 व्होल्टचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर द्यावा लागला. तेव्हापासून संगणकातला विजेचा सगळा भार हळूहळू 12 व्होल्टवर सरकत गेला. आज चांगल्या एसएमपीएसची जवळपास पूर्ण ताकद याच एका व्होल्टेजवर उपलब्ध असते. स्वस्त आणि जुन्या डब्यांत तसे नसते.

त्यामुळे एसएमपीएस जोखायचा तो खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवरून नव्हे, तर त्याच्या अंगावर चिकटवलेल्या लेबलवरून. समजा, एका जुन्या डब्यावर ठळक अक्षरांत 450 लिहिले आहे आणि खालच्या तक्त्यात 3.3 व्होल्टला 20 अँपिअर, 5 व्होल्टला 20 अँपिअर आणि 12 व्होल्टला 18 अँपिअर असे आकडे आहेत. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. गुणाकार केला की अनुक्रमे 66, 100 आणि 216 येतात, बेरीज 382. स्टँडबायसारख्या किरकोळ बाबी मिळवल्या तरी ती 400 च्या आतच राहते. म्हणजे 450 हा आकडा आला कुठून, याचा पत्ता खुद्द लेबललाच नाही. त्याहून महत्त्वाचे हे की ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर या दोघांसाठी मिळून यात फक्त 216 वॅट आहेत. टाकी कितीही मोठी असली तरी नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली भरायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. 5 आणि 3.3 व्होल्टवर पडून असलेली ताकद कार्डाच्या कामाची नाही. याउलट एखाद्या धड 450 वॅटच्या एसएमपीएसवर 12 व्होल्टसमोर 37 अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो, म्हणजे सुमारे 444 वॅट; 650 वॅटच्या डब्यावर 54 अँपिअर, म्हणजे 648. लेबलवर 12 व्होल्टचे दोन-तीन वेगळे रकाने असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नये; खाली त्यांची एकत्रित मर्यादा वॅटमध्ये दिलेली असते, ती खरी.

आता गरज किती ते मोजायचे. एक सर्रास आढळणारे मशीन घेऊ: रायझन 5 3600 प्रोसेसर आणि जीटीएक्स 1650 कार्ड. या प्रोसेसरवर 65 वॅट असे लिहिलेले असले तरी पूर्ण भाराला त्याला 88 वॅटपर्यंत जाण्याची मुभा असते. कार्डाचे 75, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून 50-60. एकूण सव्वादोनशेच्या आत. या मशीनला धड 450 वॅटचा एसएमपीएस ऐसपैस होता. त्यात आता आरएक्स 7800 एक्सटी बसवायचे ठरले तर 75 च्या जागी 263 येतात आणि बेरीज 410 च्या घरात जाते. कागदावर 450 वॅट पुरतात. प्रत्यक्षात एएमडी या कार्डासाठी 700 वॅटचा एसएमपीएस सुचवते.

दोन आकड्यांतली ही तफावत निव्वळ विक्रीची युक्ती नाही. कार्ड बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाकडे कोणता प्रोसेसर आहे हे ठाऊक नसते. अडीचशे वॅट ओढणारे प्रोसेसरही बाजारात आहेत. एसएमपीएस कोणत्या दर्जाचा असेल हेही ठाऊक नसते, म्हणून तो वाईट डबा गृहीत धरून आकडा फुगवतो. पण तिसरे कारण तांत्रिक आहे. कार्डावर लिहिलेले वॅट ही सरासरी असते. चिपवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो, आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता कार्डाचा ओढा सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहूनही वर उसळतो. साध्या वॅटमीटरला ही उसळी दिसतही नाही. एसएमपीएसमधल्या संरक्षक सर्किटला मात्र दिसते. त्याला वाटते शॉर्ट झाले, आणि ते वीज तोडून टाकते. 2020 मध्ये आलेल्या आरटीएक्स 3080 आणि 3090 या कार्डांनी कागदावर पुरेसे ठरणारे, नामांकित कंपन्यांचे एसएमपीएसही असे बंद पाडले, तेव्हा या उसळ्यांची चर्चा घरोघरच्या वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी 2022 मध्ये इंटेलने एटीएक्स 3.0 हा नवा नियमसंच आणला. नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरसह येणाऱ्या मोठ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार 100 मायक्रोसेकंदांपुरता न डगमगता सोसावा, अशी अट त्यात घातली गेली.

वरच्या उदाहरणात म्हणूनच 650 वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो आणि 750 वॅटचा घेतला तर पुढच्या कार्डापर्यंत चिंता राहत नाही. 1000 वॅटचा घेणे म्हणजे पैसे वाया. मोठा एसएमपीएस जास्त वीज खातो ही समजूत मात्र चुकीची आहे. संगणकाला 410 वॅट लागत असतील तर 750 वॅटचा डबा 410 च देतो. वॅटचा आकडा मर्यादा सांगतो, खप नव्हे.

खप ठरतो तो कार्यक्षमतेवर. एसीची डीसी करताना काही वीज उष्णता होऊन वाया जाते. 410 वॅट पुरवणारा एसएमपीएस 88 टक्के कार्यक्षम असेल तर मीटरवर सुमारे 466 वॅटचा भार पडतो आणि उरलेले 56 वॅट पंखा बाहेर फेकतो. खोक्यावरचा 80 प्लस हा शिक्का याच गुणाचा आहे. 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या प्रमाणपत्रात पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या आल्या. तिथल्या 115 व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भाराला ब्राँझने 85 टक्के आणि गोल्डने 90 टक्के गाठावे लागतात. आपल्याकडच्या 230 व्होल्टवर तोच डबा एखाद-दोन टक्के बरा चालतो. शिक्क्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ही चाचणी 23 अंशांच्या आसपासच्या तापमानाला होते. उसळी किती सोसतो, शॉर्ट झाल्यास वेळेवर बंद होतो का, यांतले काहीच ती तपासत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना बंद खोलीतल्या कॅबिनेटच्या आत काय अवस्था असेल, याचा विचार त्या प्रयोगशाळेने केलेला नाही. म्हणून लेबलवर किंवा माहितीपत्रकात पूर्ण क्षमता किती तापमानापर्यंत दिली आहे ते पाहावे. 40 अंश लिहिलेल्यापेक्षा 50 अंश लिहिलेला डबा विदर्भात आणि मराठवाड्यात नक्कीच उजवा. वॉरंटीचा काळ हाही बरा निकष आहे. पाच, सात किंवा दहा वर्षांची हमी देणारी कंपनी आतल्या कपॅसिटरांवर काटकसर करून टिकू शकत नाही.

ताकद पुरेशी असून कनेक्टर कमी पडतो, असेही पुष्कळदा होते. कार्डाला आठ पिनांचे दोन कनेक्टर लागतात आणि एसएमपीएसला एकच असतो. अशा वेळी दुकानात दोनशे-तीनशे रुपयांची जोडवायर पुढे केली जाते. हार्ड डिस्कच्या चपट्या साटा कनेक्टरवरून सहा किंवा आठ पिना काढून देणारी जोडवायर सर्वांत घातक. साटा कनेक्टरमध्ये 12 व्होल्टच्या तीन बारीक पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे 54 वॅट. त्यातून 75 किंवा 150 वॅट ओढले की प्लास्टिक वितळू लागते. नियम साधा आहे: कार्डाला लागणारे कनेक्टर ज्या एसएमपीएसवर मुळातच नाहीत, तो एसएमपीएस त्या कार्डासाठी बनलेला नाही. एकाच वायरीच्या टोकाला एकामागोमाग दोन आठ पिनांचे कनेक्टर लोंबत असतील तर लहान कार्डाला ते चालतात. अडीचशे-तीनशे वॅटच्या कार्डाला मात्र दोन स्वतंत्र वायरी एसएमपीएसपासून ओढाव्यात, म्हणजे प्रवाह वाटला जातो.

प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर आणि कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला भावंडे असली तरी आतून उलट आहेत. प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये चार तारा 12 व्होल्टच्या आणि चार अर्थच्या असतात. कार्डाच्या कनेक्टरमध्ये 12 व्होल्टच्या तीनच, आणि त्याही समोरच्या ओळीत. एक दुसऱ्याच्या जागी जोर करून बसवला तर थेट शॉर्ट. पिनांचे आकार वेगळे ठेवलेले असल्याने तो सहज बसत नाही, आणि ओळखायची खूणही सोपी आहे: प्रोसेसरचा कनेक्टर चार-चार असा दुभंगतो, कार्डाचा सहा-दोन असा.

नव्या महागड्या कार्डांवर या साऱ्यांच्या जागी सोळा पिनांचा एकच छोटा कनेक्टर येतो. बारा पिना विजेच्या, चार बारीक पिना इशाऱ्याच्या. मर्यादा 600 वॅट. इथे आकडेमोड बोलकी आहे. जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये 150 वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर तीन पिनांत वाटले जातात, दर पिनेला चारपेक्षा थोडे जास्त. नव्यात 600 वॅट म्हणजे 50 अँपिअर सहा पिनांत, दर पिनेला आठपेक्षा जास्त, आणि पिनेची सोसण्याची ताकद नऊ-साडेनऊ. जुन्या कनेक्टरमध्ये चुकीला भरपूर जागा होती, नव्यात ती जवळजवळ नाही. आरटीएक्स 4090 बाजारात येताच काही कार्डांचे कनेक्टर वितळले. नोव्हेंबर 2022 मध्ये एनव्हीडियाने जगभरातून सुमारे 50 तक्रारी आल्याचे सांगितले आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणे हे मुख्य कारण दिले. दोष वापरणाऱ्यावर ढकलण्याइतकी ही गोष्ट सोपी नव्हती, हे पुढच्या दुरुस्तीवरून दिसते: सुधारलेल्या कनेक्टरमध्ये विजेच्या पिना किंचित लांब आणि इशाऱ्याच्या पिना आखूड केल्या गेल्या, म्हणजे तो अर्धवट बसला तर कार्डाने वीज घेऊच नये. असा कनेक्टर बसवताना खटका लागेपर्यंत दाबावा, घर आणि प्लग यांच्यात फट दिसत नाही याची बाजूने पाहून खात्री करावी आणि वायर तोंडापासून तीन-साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊ देऊन मगच वळवावी.

मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये वेगळीच अडचण असते. कचेऱ्यांतून काढलेली आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी किंवा लेनोव्होची मशीन अनेक विद्यार्थी घेतात. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत मदरबोर्डला नेहमीचा 24 पिनांचा कनेक्टर नसून कंपनीचा स्वतःचा आठ, सहा किंवा दहा पिनांचा असतो, आणि डब्याचा आकारही निराळा. बाजारातला साधा एसएमपीएस, म्हणजे 150 मिलिमीटर रुंद आणि 86 मिलिमीटर उंच, त्यात मावत नाही. अशा मशीनमध्ये स्लॉटच्या 75 वॅटवर चालणारे कार्ड बसवून समाधान मानणे हाच बहुधा शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

प्रत्यक्ष बदल अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. मशीन बंद करून प्लग सॉकेटमधून काढावा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते. जुन्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो घ्यावेत. विशेषतः पॉवर बटणाच्या बारीक वायरींजवळ हात जाणार असेल तर. मागचे चार स्क्रू काढले की डबा सुटतो. तो कधीही उघडू नये. 230 व्होल्ट एसीची डीसी केली की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सवातीनशे ते चारशे व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहतात. नवा डबा बसवताना कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंखा खाली, नसेल तर वर. मग 24 पिनांचा मुख्य कनेक्टर, प्रोसेसरचा, एसएसडी-डिस्कचे आणि शेवटी कार्डाचे.

इथे एक सूचना अधोरेखित करण्यासारखी आहे. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी डब्यापासूनही सुट्या होतात, त्यामुळे जुन्या वायरी तशाच ठेवून फक्त डबा बदलण्याचा मोह होतो. मदरबोर्डकडच्या टोकाला कोणती पिन कशाची हे सर्वत्र सारखे असते; डब्याकडच्या टोकाला मात्र असे कोणतेही बंधन नाही. एका कंपनीच्या डब्यावर जिथे अर्थ असते तिथे दुसरीच्या डब्यावर 12 व्होल्ट असू शकतात, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही. प्लग बसतो छान, आणि बटण दाबताच 5 व्होल्टची डिस्क 12 व्होल्टने जळते. डब्याबरोबर त्याच्या वायरीही बदलायच्या, याला अपवाद नाही.

सुरू झाल्यावर पडदा काळा राहिला तर आधी मॉनिटरची केबल पाहावी; ती सवयीने मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते, हवी कार्डाच्या पोर्टला. नंतर एखादा जड गेम किंवा चाचणीचा प्रोग्रॅम अर्धा तास चालवावा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये 12 व्होल्टचा आकडा भाराखाली 11.4 च्या वर राहायला हवा. भार पडताच मशीन पूर्ण बंद होत असेल तर संशयाची सुई एसएमपीएसकडे जाते. पडदा काळा पण पंखे जोरात फिरताहेत, असे झाले तर आधी कार्डाचे कनेक्टर पुन्हा दाबून बसवावेत. विंडोजच्या नोंदींत दिसणारी कर्नल-पॉवर 41 ही ओळ फक्त मशीन अवेळी बंद झाले एवढेच सांगते, कारण सांगत नाही. हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरतो का पाहण्याची दुकानदारी चाचणीही तितपतच उपयोगी. डबा जिवंत आहे हे कळते, भार पेलेल का हे नाही.

घरातल्या विजेचे दोन प्रश्न उरतात. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते आणि नवा एसएमपीएस बसवल्यावर दोष त्यालाच दिला जातो. खरा दोष बहुधा सॉकेटचा. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह क्षीण असल्याने जिवाला सहसा धोका नाही, पण चालू मशीनला टीव्ही किंवा दुसरा संगणक जोडताना पोर्ट जळू शकतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे हाच उपाय. दोन पिनांचा ॲडॉप्टर वापरून तिसरी पिन टाळणे हा नव्हे. दुसरा प्रश्न यूपीएसचा. घरोघरी असलेला 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो. गेम चालू असताना वीज गेली तर 466 वॅटचा भार त्याला पेलणार नाही आणि तो टीं-टीं करून बंद पडेल. एसएमपीएस बदलण्याचा खर्च मांडताना यूपीएसही त्यात धरावा.

जुना डबा चालू स्थितीत असेल तर तो साध्या मशीनला अजून काही वर्षे उपयोगी पडतो. बिघडलेला असेल तर भंगारवाल्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. चालू डबा दुसऱ्याला देताना त्याच्या सगळ्या सुट्या वायरी त्याच्याबरोबरच द्याव्यात, एकही मागे ठेवू नये.